हिब्रूत ढ नाही

ठाठीपूरच्या माझ्या दोन खोल्यांपैकी पुढची,
रविवारी नऊ ते अकरा
आमची शाळा.
पाच मुलं, एक सतरंजी,
चौकटीवरच्या मेझुझावरही रंगाऱ्याने
निळा हात मारला, तो तसाच राहिला.
अख्ख्या ग्वाल्हेरात आमची घरं मोजायला
दोन हातांची बोटं पुरतात.

हनोक पेझारकर सर्वांत मागे बसायचा,
म्हणजे भिंतीला टेकून.
घरी मराठी, शाळेत हिंदी,
माझ्याकडे उजवीकडून डावीकडे.
अक्षरं त्याच्या अंगावर कुठूनही यायची.
फळ्यावर घर लिहिलं तर
तो वाचायचा: धर.

हिब्रूतला दालेत आणि रेश,
एका कोपऱ्याचा काय तो फरक.
हनोकला तो कोपरा दिसत नसे.

त्याचे वडील, मालधक्क्यावरचे कारकून,
दारातूनच म्हणाले,
तिर्झाबाई, पोरगा ढ आहे हो, मारा हवं तर.
मी म्हटलं, हिब्रूत ढ नाही, मेनाशेभाऊ.
हे उत्तर मला फार आवडलं होतं.

पुढच्याच रविवारी मी त्याला उभं केलं.
नऊ वेळा चुकला. दहाव्यांदा
माझ्या तोंडून माझे वडील बोलले.
तो रडला नाही.
सतरंजीचा धागा बोटाला गुंडाळत राहिला
बोट जांभळं होईपर्यंत.

त्या आठवड्यात मी झोपले असेन, आठवत नाही.

मग कणीक मळली.
परातीत अक्षरं वळली, बोटाएवढी जाड.
डोळे मीट म्हटलं, हात लाव.
बराच वेळ तो चाचपत राहिला.
हे टोचतं, बाई.
तो दालेत.
आणि हे?
हे नाही टोचत.

यफा नुसती गोळा धरून बसली होती.
आई गेल्यापासून ती
माझ्या घरात एक शब्द बोलली नव्हती.
मी काही विचारलं नाही.
गोळा गरम झाला, काळा झाला,
तिच्याकडेच राहू दिला.
उरलेल्या अक्षरांच्या पोळ्या केल्या,
धाकट्या शमुवेलने अख्खा आलेफ खाल्ला.

हनोकला मी एक गुपित सांगितलं:
शमाच्या ओळीत, ‘एक’ म्हणतो त्या शब्दात,
दालेत मुद्दाम मोठा लिहितात.
कोपरा हरवला तर ‘एक’चा ‘दुसरा’ होतो.
मोठा का लिहितात?
कुणीतरी चुकायचं म्हणून.
माझ्याआधी?
तुझ्या खूप आधी.
त्याने पहिल्यांदा पाठ भिंतीपासून सोडवली.

यफाच्या आईचं वर्ष आलं.
काद्दिशला दहा पुरुष लागतात,
वर्षभर नऊच भरत होते,
झांशीचा ड्रायव्हर धरून.
नहूम चांदगावकर दर वेळी
पुस्तक उघडायचे, मिटायचे.

आमच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत.
दहा शब्दांची एक ओळ म्हणतात,
एकेका डोक्यावर एकेक शब्द.
रुबेनकाका मोजत आले,
शेवटचा शब्द हनोकवर येऊन थांबला.
मागच्या मंगळवारी त्याला तेरा पूर्ण झाली होती.
तो कुजबुजला, काका, मला नीट वाचता येत नाही.
रुबेनकाकांना ऐकू कमी येतं.
उभा आहेस ना, म्हणाले, मग झालं.

नहूमने काद्दिश म्हटला. आवाज
दोनदा बसला, दोनदा उठला.
नंतर कुणीतरी हनोकला शमाची ओळ दिली.
बोट ठेवून तो उजवीकडून निघाला,
हळू, पावसाळी रुळांवरच्या मालगाडीसारखा.
खोली थांबली. नुसती थांबली,
कुणी पुढचा शब्द पुरवला नाही.
आणि शेवटी त्याने
एहाद म्हणायच्या जागी
अहेर म्हटलं.

स्वयंपाकघराच्या दारात
यफाने माझा पदर ओढला.
बाई, तो अहेर म्हणाला.

हो गं, म्हटलं, मिळाला.

मागे दहा जणांचा चहा
उतू चालला होता.